टँगोची अरेंजमेंट: ढोल नसताना ठेका कसा बसवायचा

टँगोला जॅझचा किंवा ऑर्केस्ट्राचा साज चढवायला बसलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्याच तासात फसतो. ड्रमसेट घेतो, राइड झांजेवर स्विंग लावतो, वर व्हायोलिनला धून देतो. जे तयार होतं ते हॉटेलच्या लॉबीत वाजायला ठीक असतं; टँगो त्यातून केव्हाच निघून गेलेला असतो. अर्जेंटिनातलं ब्युनोस आयर्स आणि उरुग्वेतलं मोंतेविदेओ ही टँगोची गावं. तिथल्या ‘ओर्केस्ता तिपिका’त, म्हणजे टँगोच्या रूढ वाद्यवृंदात, ढोल सहसा नसतोच. ठेका येतो तो गजातून, भात्यातून आणि पियानोच्या डाव्या हातातून. म्हणून कॉर्ड बदलण्याआधी आणि धून सजवण्याआधी प्रत्येक बारपाशी एक प्रश्न विचारायचा: इथे ढोल कोण आहे?

खाली एकच रचना घेऊन सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाऊ. नोटेशन वाचता येतं आणि साध्या कॉर्ड कळतात, एवढं गृहीत धरलं आहे.

रचना निवडताना

बहुतेकांना थेट आस्तोर पियाझोला, म्हणजे टँगोचा सगळ्यात गाजलेला आधुनिक संगीतकारच करायचा असतो. दोन कारणांसाठी थांबा. एक म्हणजे हक्क. पियाझोला १९९२ मध्ये वारले. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २०५२ संपेपर्यंत त्यांच्या रचनेची नवी अरेंजमेंट करायला प्रकाशकाची परवानगी लागते. दुसरं कारण सांगीतिक आहे. पियाझोलाची रचना ही मुळातच झालेली अरेंजमेंट असते. तिच्यात नवं काही घालायला जागा फार कमी उरते, आणि शिकणाऱ्याच्या हातून बहुधा तिची पातळ नक्कल होते.

त्याऐवजी ‘एल चोक्लो’ घ्या. चोक्लो म्हणजे मक्याचं कणीस. आन्हेल विशोल्दो यांची ही रचना १९०३ मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा वाजली, आणि कार्यक्रमात तिला टँगो न म्हणता ‘दान्सा क्रिओज्या’, म्हणजे देशी नाच, म्हटलं गेलं, कारण टँगो हा शब्द तिथे शोभणारा नव्हता. विशोल्दो १९१९ मध्ये वारले, त्यामुळे धून मोकळी आहे. तिच्यावर नंतर लिहिलेले शब्द आणि छापील अरेंजमेंट यांचे हक्क मात्र वेगळे, ते उचलू नका. जॅझशी नातं जोडायला लांब जावं लागत नाही: हीच धून इंग्रजी शब्दांसह ‘किस ऑफ फायर’ म्हणून १९५२ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने गायली.

वाद्यं किती आणि कोणती

मोठा ऑर्केस्ट्रा मिळाला तरी पहिली अरेंजमेंट तेरा जणांसाठी लिहा: पहिली व्हायोलिन ३, दुसरी ३, व्हायोला २, चेलो २, डबल बास १, पियानो १, आणि बांदोनेऑन (अकॉर्डियनच्या जातीचं, भाता आणि बटणांचं वाद्य) किंवा अकॉर्डियन १. हूलिओ दे कारो यांनी १९२४ मध्ये उभं केलेलं सहा जणांचं पथक (दोन बांदोनेऑन, दोन व्हायोलिन, पियानो, बास) हा याचा सांगाडा आहे. बाकी सगळं त्यावरचं मांस.

बांदोनेऑन आपल्याकडे जवळजवळ मिळत नाही. रूढ अर्जेंटिनी बांदोनेऑनला ७१ बटणं असतात, उजव्या हाताला ३८ आणि डाव्याला ३३, आणि भाता उघडताना एक स्वर तर मिटताना दुसराच. अकॉर्डियन घेतलं तर तीन गोष्टी पाळा. उजव्या हाताचा ‘बांदोनेऑन’ रजिस्टर लावा. त्यात खालचा आणि मधला असे दोन रीड एका सप्तकाच्या अंतराने वाजतात. थरथरणारा म्युझेट रजिस्टर बंद ठेवा. तो लागला की श्रोता थेट पॅरिसला पोचतो. आणि डाव्या हाताची तयार कॉर्डची बटणं वापरूच नका, त्यांचा ‘ऊम-पा’ पियानो आणि बासच्या कामावर पाणी फिरवतो.

पेटी चालेल का, हा प्रश्न मराठी माणसाच्या मनात येणारच. रीडचं वाद्य आहे, भाता आहे, मग का नको? कारण एक हात भात्यात अडकतो, आणि टँगोत भात्याचा झटका आणि दोन हातांच्या कॉर्ड एकाच वेळी लागतात. पेटीला संथ मधल्या भागात लांब स्वर द्या, छान मिसळते. त्याआधी ट्यूनरवर तिचा ए तपासा. जुन्या पेट्या ४४० वर असतीलच असं नाही, आणि फरक निघाला तर पेटी नाही, व्हायोलिनवाले आपल्या तारा सरकवतील.

नकाशा आधी, स्वर नंतर

जुनी छपाई २/४ मध्ये असते. ती ४/४ मध्ये दुप्पट किमतीने लिहून काढा. वाचणाऱ्याचे डोळे वाचतात. ‘एल चोक्लो’चे तीन भाग आहेत, प्रत्येकी १६ बारचे. त्यांना अ, ब, क म्हणू. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत १६ बारला ३२ सेकंद लागतात. आता असं मांडा:

प्रस्तावना ४ बार. मग अ, ब, आणि पुन्हा अ, पण यावेळी धून चेलोकडे. त्यानंतर क भाग ९२ च्या लयीत, म्हणजे साधारण ४२ सेकंद. त्याच क भागावर आणखी १६ बार जॅझ सोलो. मग १२० वर परत येऊन अ भागाची ‘वारिआसिओन’, म्हणजे तीच धून जलद स्वरांत, शेवटी ४ बारचा कोडा. एकूण पावणेचार मिनिटांच्या किंचित वर. टँगोची लांबी एवढीच शोभते. सोलो तीन आवर्तनं ताणला की उरतो जॅझ, आणि परत आलेली धून उपरी वाटते.

नकाशाच्या प्रत्येक आठ बारखाली पेन्सिलने तीन ओळी लिहा: धून कोणाकडे, ठेका कोणाकडे, गप्प कोण. तिसरी ओळ रिकामी राहिली तर पुढे जाऊ नका. तेराच्या तेरा जण सतत वाजत असले की पाचव्या बारनंतर कानाला काही वेगळं दिसेनासं होतं.

ठेका

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. बारच्या आठ मात्रा धरा, केरव्याच्या धरतो तशा.

मार्काटो: १, ३, ५, ७ वर आघात. बास आणि पियानोचा डावा हात, वर बांदोनेऑनच्या आखूड कॉर्ड. प्रत्येक स्वर लिहिलेल्या लांबीच्या निम्माच वाजतो. जॅझचा वॉकिंग बास कागदावर हुबेहूब असाच दिसतो, चार ठोके, चार स्वर. फरक स्वर कुठे सुटतो यात आहे: जॅझवाला स्वर पुढच्या स्वरापर्यंत वाहू देतो, टँगोवाला मध्येच तोडतो. जॅझमधून आलेल्या बासवाल्याला हे तोंडी सांगून पुरत नाही. पार्टमध्ये पाव किमतीच्या स्वराऐवजी अष्टमांश स्वर आणि अष्टमांश विराम असंच लिहा.

चारही आघात सारखे मारायचे की १ आणि ५ जड ठेवायचे, यावरून पूर्ण शैली बदलते. हुआन दारिएन्सो यांच्या वाद्यवृंदाचा ठेका सारखा, कडक आणि पळता, नाचणाऱ्याला बसू न देणारा. ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्याकडे १ आणि ५ वर सगळा वाद्यवृंद खाली बसतो, आणि ३ व ७ वर पियानोच्या तळातून नुसता दबका हुंकार येतो. त्या आवाजालाच त्यांनी ‘युम्बा’ म्हटलं. त्याच नावाची त्यांची रचना १९४६ ची. अ भागाला पहिली शैली आणि परतलेल्या अ ला दुसरी दिलीत, तर एक स्वरही न बदलता तीच धून नवी ऐकू येते.

सिन्कोपा: आघात १, २ आणि ४ वर, जोर २ वर, मग ५ आणि ७ सरळ. हा चार-चार बार सलग चालवू नका. दोन बार मार्काटो, एक बार सिन्कोपा, परत मार्काटो, असं मिसळा. सिन्कोपा म्हणजे लोणचं, भाजी नव्हे.

तीन-तीन-दोन: जोर १, ४ आणि ७ वर. मिलोंगा या टँगोच्या जवळच्या नाचातून आलेला हा हिशेब पियाझोलांनी एवढा वापरला की जगाला आता टँगो म्हटलं की हाच आठवतो. त्यामुळे नवशिक्या अरेंजर तो पहिल्या बारपासून सुरू करतो आणि पुढे चढायला पायरीच राहत नाही. ‘एल चोक्लो’त तो फक्त प्रस्तावनेत आणि सोलोखाली ठेवा. बसवताना टाळी द्यायला लावा: तोंडाने आठ मात्रा, टाळी १, ४, ७ वर. केरवा अंगात मुरलेल्या वादकाचा हात सवयीने ५ वर पडतो. पाच मिनिटं तो हात मांडीखाली दाबून ठेवायला सांगितलं तरी चालेल.

आणि आरास्त्रे. शब्दाचा अर्थ ओढत नेणं. आघाताच्या आधीच खालून घसटत यायचं आणि आघातावर आदळायचं. जड सामान फरशीवर ओढताना आधी खरखर होते आणि मग ते हलतं, तसं. बासवाला गज मुठीजवळ ठेवून हळू सुरू करतो, वेग वाढवत चार-पाच सूर खालून घसरत येतो. पियानोवाला तळाच्या सप्तकात तीन किंवा चार लगतचे स्वर पुसट वाजवत मुख्य स्वरावर येतो. बांदोनेऑनवाला भाता आधीच उघडू लागतो आणि आघातावर गुडघ्याचा झटका देतो. कागदावर मुख्य स्वराआधी छोटा ग्रेस स्वर, त्याला तिरकी रेघ आणि वाढत्या आवाजाची खूण एवढं पुरतं.

बिघडतं ते असं: आरास्त्रे लवकर सुरू होतो. त्याला आठव्या मात्रेचा फक्त उत्तरार्ध द्यायचा असतो. वादक पूर्ण मात्रा घेतो, मग घाईने येऊन पोचतो आणि आघात लवकर पडतो. नाहीतर ओढतच राहतो आणि सगळा वाद्यवृंद मागे पडतो. दुसरी चूक सगळ्यांनीच आरास्त्रे करण्याची. बास, पियानो आणि एक चेलो पुरे. तेरा जणांनी ओढलं की ट्रक घाट चढतोय असं वाटतं.

कॉर्ड बदलताना

अ भाग बहुतांशी डी मायनर आणि ए सेव्हन यांच्यात फिरतो. पहिल्या वेळी तो तसाच ठेवा. श्रोत्याला मूळ घर दाखवल्याशिवाय भिंती पाडण्यात मजा नाही.

परतलेल्या अ मध्ये बास उतरता करा: डी, सी शार्प, सी, बी, बी फ्लॅट, ए. प्रत्येक स्वराला अर्धा बार, शेवटचा ए दीड बार लांबवला की चार बार भरतात. वरच्या कॉर्ड क्रमाने डी मायनर, ए सेव्हन, डी मायनर, बी हाफ डिमिनिश्ड, जी मायनर, ए सेव्हन. धून मध्येच अडेल, कारण मूळ कॉर्ड तिथे वेगळी असेल. तेव्हा नियम असा ठेवा: धूनेतला एका ठोक्याहून लांब स्वर कॉर्डमधल्या कोणत्याही स्वराच्या अगदी अर्ध्या स्वराने वर येत असेल तर कॉर्ड बदला, धून नको.

जॅझवाल्यांचा आवडता ट्रायटोन बदल, म्हणजे ए सेव्हनच्या जागी ई फ्लॅट सेव्हन, इथे जपून. धूनेत सी शार्प, जी किंवा ए असेल तर तो सुरेख बसतो. ई असेल तर खटकतो, आणि या धूनेत ए सेव्हनवर ई वारंवार येतो. तिथे फक्त आधी ई हाफ डिमिनिश्ड जोडून ए सेव्हनवर या.

आवाज गढूळ होण्याचं नेहमीचं ठिकाण म्हणजे मधल्या सीच्या खालचं सप्तक. पियानोचा डावा हात, चेलो, व्हायोला आणि अकॉर्डियनच्या कॉर्ड सगळे तिथेच गर्दी करतात. त्या सप्तकाच्याही खाली फक्त सप्तक किंवा पंचमाचं अंतर लिहा, तीन स्वरांची दाट कॉर्ड नको.

गजाचे आवाज

ढोल नसल्याची भरपाई टँगोच्या व्हायोलिनवाल्यांनी मजेदार पद्धतींनी केली. चिचार्रा, म्हणजे झाडावर किर्र करणारा सिकाडा किडा: घोडीच्या मागे, तिसऱ्या तारेवर गुंडाळलेल्या धाग्यावर गज आखूड घासायचा. सँडपेपरसारखा कर्रकर्र आवाज येतो. ताम्बोर: डाव्या हाताचं नख जी तारेला बाजूने टेकवून उजव्या हाताने तार छेडायची, छोट्या ढोलावर काडी पडल्यासारखं वाजतं. लातिगो, म्हणजे चाबूक: सगळ्यात बारीक तारेवर बोट झर्रकन वर. आणि बासवाल्याने वाद्याच्या अंगावर हाताने मारलेली थाप.

यांच्यासाठी जगभर चालणारी एकच खूण नाही. फुलीच्या डोक्याचे स्वर लिहा आणि पार्टच्या पहिल्याच पानावर कोणती फुली कशासाठी ते सांगा. सगळ्यांना एकदम देऊ नका. ब भागात दुसऱ्या व्हायोलिनपैकी एकाला चिचार्रा, एवढंच. वाद्याचा मालक कुरकुरेल, कारण घोडीमागच्या धाग्यावर राळ साचते. वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने पुसलं की झालं.

फ्रासेओ

धून कागदावर सरळ अष्टमांशांत लिहायची आणि वाजवणाऱ्याने ती सैल करायची, याला फ्रासेओ म्हणतात. हे आपल्या श्रोत्याला समजवावं लागत नाही: ठुमरीत गायिका ठेक्याच्या मागे-पुढे खेळते आणि तबला मात्र हलत नाही, तसंच. वाक्याचा पहिला स्वर उशिरा घ्यायचा, मधले स्वर दाटीने भरायचे, आणि दुसऱ्या बारच्या समेला हजर राहायचं. साथीने वाट पाहायची नाही. पियानोवाला प्रेमाने थांबला की सगळा डोलारा कोसळतो.

हे फक्त एकट्या वादकाने करायचं. तीन व्हायोलिन एकत्र धून वाजवणार असतील तर पहिल्या व्हायोलिनवाल्याने आपला फ्रासेओ ठरवावा आणि तो तसाच्या तसा लिहून बाकीच्या दोघांना द्यावा, ट्रिपलेट आणि टायसकट. दिसायला भयंकर दिसतं, पण ऐकायला सैल येतं.

जॅझ नेमका कुठे

दोन रेकॉर्डिंग या बाबतीत डोळे उघडतात. १९५६ मध्ये डिझी गिलेस्पीने ब्युनोस आयर्समध्ये ओस्वाल्दो फ्रेसेदो यांच्या वाद्यवृंदासह ट्रम्पेट वाजवला, आणि १९८६ मध्ये स्वित्झर्लंडच्या मोंत्रो जॅझ महोत्सवात गॅरी बर्टन आपला व्हायब्राफोन घेऊन पियाझोलांच्या क्विंटेटमध्ये बसला. दोन्हीकडे जॅझवाला पाहुणा आहे आणि यजमानाने आपला ठेका त्याच्यासाठी बदललेला नाही. हीच पद्धत उचला. सोलो क भागाच्या कॉर्डवर, खाली तीन-तीन-दोन, बास आखूड. सोलोवाल्याला एकच अट: अष्टमांश सरळ, स्विंग नाही. ती पाळणं अवघड जात असेल तर बॅरिटोन सॅक्सोफोन किंवा गिटार घ्या; ट्रम्पेटवाल्यांना स्विंगची सवय जास्त सोडवत नाही, असा आमचा पूर्वग्रह आहे.

ड्रमर घ्यायचाच असेल तर ब्रश द्या, हाय-हॅटचा दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावरचा पाय बंद करा, आणि बासच्या आघाताशी कधीही जुळवून वाजवायला सांगू नका. जिथे बास गप्प तिथेच त्याने बोलावं. विजेची गिटार मात्र परकी नाही: १९५५ च्या पियाझोलांच्या ‘ओक्तेतो ब्युनोस आयर्स’ या आठ जणांच्या पथकात ओरासिओ माल्विसिनो ती वाजवत होते, तेव्हा जुन्या रसिकांनी नाकं मुरडली होती.

टँगोच्या बाहेर: चाकारेरा

चाकारेरा हा उत्तर अर्जेंटिनाचा लोकनाच करायचा तर वरचं बरंचसं विसरा. तिथे ढोल आहे, बोंबो लेगुएरो, लाकडी खोडाचा आणि केसाळ कातड्याचा. सहा मात्रांचं आवर्तन दोन तऱ्हेने एकाच वेळी मोजलं जातं: धून ३+३, बास २+२+२. वर बास त्या तिनांपैकी पहिला ठोका बहुधा सोडतो आणि दुसरा-तिसरा वाजवतो. दादऱ्याची सवय असलेला बासवाला पहिल्या ठोक्यावर हमखास येतो. त्याच्या पार्टमध्ये तिथे विराम लिहून त्यावर लाल गोल करा. शिवाय चाकारेरा ठरलेल्या आकृतीत नाचली जाते, त्यामुळे आवर्तनांची संख्या मनाने वाढवता येत नाही. सोलो हवा असेल तर तो नाचाच्या आधी, प्रस्तावनेत. मोठ्या ऑर्केस्ट्रात असे लोकठेके कसे उभे राहतात हे पाहायला आल्बेर्तो हिनास्तेरा यांच्या ‘एस्तान्सिआ’ या बॅलेतला शेवटचा माळाम्बो नाच (१९४१) स्कोअर समोर ठेवून ऐका: सहा मात्रांचे दोन्ही हिशेब तो वाद्यांच्या गटांत वाटून टाकतो.

तालीम

दोन-दोन तासांच्या तीन तालमी पुरतात. पहिल्या तालमीचा पहिला तास फक्त बास, पियानो आणि चेलो. लय ८४. मेट्रोनोम फक्त १ आणि ५ या मात्रांवर वाजेल असा लावा, म्हणजे ४२ वर. जॅझवाले तो दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर ऐकतात; त्यांना तशी मुभा देऊ नका. आरास्त्रे या तासात बसला नाही तर तो पुढे बसत नाही. दुसऱ्या तालमीत १०० आणि सगळे. तिसरीत ११२, आणि शेवटच्या अर्ध्या तासात १२०.

वारिआसिओनमध्ये धून षोडशांशांत धावते: १२० वर सेकंदाला आठ स्वर. अकॉर्डियनवाल्याला जमत नसेल तर लय उतरवू नका. दर दोन ठोक्यांनी धून अकॉर्डियन आणि पहिली व्हायोलिन यांच्यात वाटून द्या. सांधा पुढच्या आघाताच्या पहिल्या स्वरावर ठेवा, म्हणजे दोघेही तो एक स्वर वाजवतील आणि फट ऐकू येणार नाही. भाता मिटायची जागा दर दोन ते चार बारांनी पार्टमध्येच लिहा. खऱ्या बांदोनेऑनवर वादक बहुतेक उघडतानाच वाजवतो आणि हवेची झडप दाबून झटकन मिटतो. त्याला तेवढा श्वास हवा.

शेवटचे दोन स्वर, ‘चान-चान’, पाचवी कॉर्ड आणि मग घर. पहिला जोरात. दुसरा किती जोरात, यावर तालमीत वाद होईल. पुग्लिएसे तो उशिरा आणि जवळजवळ कानात सांगितल्यासारखा वाजवत. तसा हवा असेल तर कंडक्टरने हात खाली आणायचाच नाही. पियानोवाल्याकडे बघायचं आणि त्याने वाजवलं की बाकीच्यांनी त्याच्यावर पडायचं.